जुनी सुटका नव्या खटल्यात आडवी येते का?

प्रश्न : अमेरिकेतला प्रसिद्ध माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन १९९५ मध्ये दुहेरी खुनाच्या खटल्यातून निर्दोष सुटला. पुढे लास वेगसच्या दरोड्यात मात्र त्याला जास्तीत जास्त ३३ वर्षांची शिक्षा झाली. पहिल्या निकालाचा राग लोकांच्या मनात धुमसत असताना दुसरा खटला निःपक्षपाती झाला असेल का, की जुनाच हिशेब चुकता केला? तुम्ही उभा जन्म फौजदारी वकिली केलीत, म्हणून तुम्हालाच विचारतो.

उत्तर : एक गोष्ट मी वकिलीत फार जवळून पाहिली. न्यायालय ‘निर्दोष’ म्हणतं, तेव्हा कागदावरचा आरोप संपतो. लोकांच्या तोंडी मात्र ‘सुटला’चा अर्थ ‘निसटला’ असा होतो. ज्यानं शिक्षा भोगली, त्याचा हिशेब लोक मिटवतात. जो गाजून सुटला, त्याचं खातं उघडंच राहतं. सिम्पसनच्या बाबतीत ते अधिकच उघडं राहिलं, कारण १९९७ मध्ये दिवाणी ज्युरीनं, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळानं, त्याच दोन मृत्यूंसाठी त्याला जबाबदार धरलं आणि एकूण ३ कोटी ३५ लाख डॉलर भरायला सांगितलं. दिवाणी दाव्यात पुराव्याचं पारडं थोडं झुकलं तरी पुरतं, फौजदारीत संशयाला जागा उरता कामा नये. म्हणून दोन्ही निकाल एकाच वेळी कायद्याला धरून असू शकतात. पण हा फरक घरोघरी कोण समजावणार?

आता लास वेगस. १३ सप्टेंबर २००७ ला सिम्पसन पाच साथीदारांसह पॅलेस स्टेशन हॉटेलच्या एका खोलीत शिरला. आत खेळाडूंच्या स्मृतिवस्तू विकणारे दोन व्यापारी होते. आपल्याच चोरीला गेलेल्या वस्तू परत घ्यायला गेलो, हा सिम्पसनचा बचाव. साथीदारांपैकी दोघांकडे पिस्तुलं होती, आणि भेट जुळवणाऱ्या मध्यस्थानं आवाज टिपणारं यंत्र गुपचूप चालू ठेवलं होतं. खोलीतून कुणाला बाहेर जाऊ देऊ नका, असं सांगणारा सिम्पसनचा आवाज ज्युरीनं कानांनी ऐकला. ३ ऑक्टोबर २००८ ला, म्हणजे पहिल्या सुटकेला बरोबर १३ वर्षं झाली त्या दिवशी, बाराही आरोपांत तो दोषी ठरला. तारखेच्या त्या योगायोगाला मी काडीचीही किंमत देत नाही. ज्युरीतल्या लोकांनी नंतर सांगितलं की जुन्या खटल्याचा संबंध नव्हता, ध्वनिमुद्रणावरूनच निर्णय झाला. तो पुरावा पाहता मला ते पटतं.

पण त्याच यंत्रानं नंतर खोलीत आलेल्या पोलिसांचं बोलणंही टिपलं होतं. कॅलिफोर्नियाला (पहिला खटला त्या राज्यात झाला होता) जमलं नाही, आता आपल्याला जमेल, अशा अर्थाचं. तेही न्यायालयात ऐकवलं गेलं. तुमची शंका हवेतली नाही, ती इथे स्पष्ट ऐकू येते.

ज्युरी निवडताना लांबलचक प्रश्नावली भरून घेतली होती, आणि १९९५ चा निकाल आपल्याला पटला नव्हता असं लिहिणारे काहीजण अंतिम बारांत होते. तुम्हाला हे धक्कादायक वाटेल. अमेरिकेतला नियम मात्र असा, की ज्युरर अनभिज्ञ असायला हवा असं नाही. आपलं मत बाजूला ठेवून समोरच्या पुराव्यावर निर्णय देता आला पाहिजे. त्यालाही मर्यादा आहे. १९६१ मध्ये अर्विन नावाच्या आरोपीची देहदंडाची शिक्षा सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली, कारण बारापैकी आठ ज्युरर आधीच त्याला दोषी मानत होते. मात्र ते मत त्याच खटल्यातल्या गुन्ह्याबद्दल होतं. जुन्या, वेगळ्या खटल्याबद्दलचं मत तितकं थेट नसतं. ते आरोपीकडे बघण्याच्या नजरेत मुरलेलं असतं, आणि म्हणूनच नेमक्या प्रश्नानं बाहेर काढणं अवघड जातं.

त्या पाच साथीदारांपैकी क्लॅरेन्स स्टुअर्ट हा सिम्पसनबरोबर सहआरोपी होता. माझा खटला वेगळा चालवा, अशी त्याची मागणी होती. ती फेटाळली गेली आणि तोही दोषी ठरला. लास वेगस ज्या राज्यात आहे, त्या नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये त्याची शिक्षा रद्द केली. सिम्पसनच्या कुप्रसिद्धीचे शिंतोडे त्याच्यावर उडाले, त्याला वेगळा खटला मिळायला हवा होता, हे कारण. त्याच वेळी सिम्पसनचं अपील मात्र फेटाळलं गेलं. म्हणजे त्या नावाची सावली शेजारी बसलेल्या माणसाचा न्याय बिघडवण्याइतकी गडद होती, हे न्यायालयानंच मान्य केलं. मग ज्याचं ते नाव, त्याचं काय? स्टुअर्टला सिम्पसनपासून वेगळं करता येतं. सिम्पसनला सिम्पसनपासून कसं वेगळं करणार? खटला दुसऱ्या शहरात नेला असता, तरी तिथेही सगळ्यांना सगळं माहीत होतंच.

दोषी ठरवणं मला योग्य वाटतं. माझं मन अडतं ते त्याच्या आधीच्या टप्प्यावर. खोलीतला प्रसंग काही मिनिटांचा. त्यावर दरोड्याबरोबर अपहरणाचंही कलम लागलं, आणि शिक्षा वाढली ती अशा कलमांनी. गुन्हा कबूल करून सरकारपक्षाच्या बाजूनं साक्ष देणारे उरलेले चारही साथीदार प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहण्याच्या अटीवर, सुटले. साक्षीच्या बदल्यात सवलत सगळीकडे मिळते, हे मान्य. पण कुठलं कलम लावायचं आणि कुणाशी तडजोड करायची, हे सरकारी वकील ठरवतात. ज्युररला प्रश्नावली भरावी लागते, सरकारी वकिलाला नाही. जुना राग शिरायचाच असेल, तर माझ्या मते तो तिथून शिरतो आणि निकालपत्रात दिसत नाही. न्यायाधीश जॅकी ग्लास यांनी शिक्षा सुनावताना, आपण कशाचाही बदला घेत नाही, असं स्पष्ट सांगितलं. त्यांच्या शब्दावर माझा अविश्वास नाही, पण त्यांच्यासमोर आलेली कलमं त्यांनी निवडलेली नव्हती.

आणखी एक नोंद तुमच्यासाठी. जुलै २०१७ मध्ये पॅरोल मंडळापुढे, म्हणजे शिक्षा पूर्ण होण्याआधी अटींवर सोडायचं का हे ठरवणाऱ्या मंडळापुढे, सिम्पसनचा अर्ज आला, तेव्हा विरोधाची शेकडो पत्रं आली होती. १९९५ ची सुटका आणि १९९७ चा दिवाणी निकाल लक्षात घ्या, अशी अनेकांची मागणी होती. या गोष्टी विचारात घेतल्या जाणार नाहीत, असं मंडळानं सुनावणीतच जाहीर केलं आणि चारही सदस्यांनी पॅरोल मंजूर केला. लास वेगसच्या गुन्ह्याची किमान नऊ वर्षं तेव्हा भरत आली होती.