डोंगरात हातातल्या जीपीएस यंत्राला उपग्रह नीट मिळत नसतील तर काय तपासावे?

आपल्या प्रश्नाचा मथितार्थ असा: भावाने अमेरिकेत वापरलेले, पेन्सिल सेलवर चालणारे जीपीएस यंत्र आपण पुण्यात गच्चीवर सुरू केले, तेव्हा त्याने बराच वेळ ठिकाणच दाखवले नाही. पुढे साम्रदजवळच्या सांदण दरीत ते चालू तर होते, अचूकता आठ मीटर असल्याचेही सांगत होते, पण घरी आल्यावर पाहिले तर ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची यंत्राने नोंदलेली रेषा, दोन्ही बाजूंच्या कड्यांतून आरपार गेलेला. त्या दिवशी आभाळ भरलेले होते. तेव्हा दोष हवेचा की यंत्राचा, आणि नवे घ्यावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते या दोन निरनिराळ्या तक्रारी आहेत, ढगांचा दोन्हींशी काही संबंध नाही आणि आपण दिलेल्या माहितीवरून यंत्र बिघडले आहे असे म्हणता येत नाही.

पहिली तक्रार आधी घेऊ. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात आणि आपली माहिती सेकंदाला अवघ्या ५० बिट्स इतक्या संथपणे पाठवतात. प्रत्येक उपग्रहाच्या स्वतःच्या कक्षेचा नेमका तपशील, म्हणजे इफेमेरिस, दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगितला जातो आणि तो साधारण चार तास कामाचा असतो. सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी, म्हणजे अल्मनॅक, पूर्ण उतरायला मात्र साडेबारा मिनिटे लागतात. अमेरिकेत बंद केलेले यंत्र भारतात उघडले की कोणता उपग्रह डोक्यावर असावा याचा त्याचा अंदाज साफ चुकतो आणि त्याला सगळे आकाश नव्याने चाचपावे लागते. अशा वेळी ते हातात घेऊन फेऱ्या मारल्या, तर झाडाच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या आडोशाने या माहितीचा मधला एखादा तुकडा गळतो आणि उपग्रह तो पुन्हा पाठवेपर्यंत वाट पाहावी लागते. म्हणून यंत्र मोकळ्या मैदानात, जमिनीपासून थोडे उंच ठेवावे आणि वीसेक मिनिटे त्याला हात लावू नये. फोनला हा त्रास जाणवत नाही, कारण हीच माहिती तो मोबाइल नेटवर्कवरून काही क्षणांत उतरवून घेतो. आपल्या यंत्राला ती सोय नाही.

तेवढ्यात तारीखही पाहून घ्यावी. जीपीएसचा आठवड्यांचा मोजणीअंक १,०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो आणि ७ एप्रिल २०१९ रोजी भारतीय वेळेनुसार पहाटे तो तसा आला होता. जुन्या यंत्रातील सॉफ्टवेअर त्यानंतर अद्ययावत केले नसेल, तर तारीख सुमारे वीस वर्षे मागची दिसू शकते. तसे दिसल्यास आधी सॉफ्टवेअर बदलावे, बाकीची चिकित्सा नंतर करावी. मेनूमध्ये डेमो मोड चालू राहिलेला नाही ना, हेही पाहावे. तो चालू असेल तर यंत्र उपग्रह शोधतच नाही, आणि वापरलेल्या यंत्रांत हे जितके वाटते त्याहून जास्त वेळा आढळते.

आता सांदण दरी. तिथे उभे राहून वर पाहिले तर दोन कड्यांच्या मधली आकाशाची एक अरुंद पट्टी तेवढी दिसते, आणि यंत्रालाही तेवढीच दिसते. ठिकाण काढायला किमान चार उपग्रह लागतात. ते मिळाले तरी सगळे त्या पट्टीच्या रेषेत ओळीने असतात. त्यामुळे दरीच्या लांबीच्या दिशेने ठिकाण बऱ्यापैकी ठरते, पण आडव्या दिशेने ते घसरते आणि ट्रॅक कड्यात शिरतो. त्यात परावर्तनाची भर पडते. एखाद्या उपग्रहाचा थेट संदेश कड्याने अडवला आणि समोरच्या कातळावर आपटून आलेला संदेशच यंत्राने धरला, तर त्या उपग्रहाचे अंतर तीस-चाळीस मीटर जास्त मोजले जाऊ शकते. यंत्राला हे कळत नाही. पडद्यावरचा आठ मीटरचा आकडा हा यंत्राने स्वतःच बांधलेला अंदाज असतो आणि त्यात परावर्तनाचा हिशेब क्वचितच नीट धरलेला असतो. घळीत आणि नळीच्या वाटेत मी त्या आकड्याकडे पाहतच नाही.

आणखी एक बाब सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे, पण तिची चर्चा फारशी होत नाही. जीपीएस उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांनी कललेल्या असल्यामुळे हे उपग्रह ५५ अक्षांशाच्या उत्तरेला जातच नाहीत. महाराष्ट्रातून पाहिले तर ठीक उत्तरेला, क्षितिजापासून जवळजवळ चाळीस अंश उंचीपर्यंत, जीपीएसचा एकही उपग्रह कधी येत नाही. म्हणजे ज्या आडव्या वाटेवर कडा दक्षिणेला आणि मोकळी दरी उत्तरेला आहे, तिथे डोळ्यांना अर्धे आकाश उघडे दिसत असले तरी त्यातला मोठा भाग रिकामाच असतो. ग्लोनास या रशियाच्या अशाच प्रणालीतील उपग्रहांच्या कक्षा जवळपास ६५ अंशांनी कललेल्या असल्याने ती पोकळी काहीशी भरून निघते. आपल्या यंत्रात ग्लोनासचा पर्याय असेल तर तो जरूर चालू करावा. सेल थोडे लवकर उतरतील, पण डोंगरात हा सौदा परवडतो. वॉस किंवा एग्नॉस या नावाने दिसणारा पर्याय चालू केल्यास पुष्कळशा यंत्रांना गगन या जीपीएसच्या चुका सुधारणाऱ्या भारतीय प्रणालीच्या दुरुस्त्या मिळतात. मात्र त्या देणारे भूस्थिर उपग्रह आपल्याकडून दक्षिणेच्या बाजूला असतात आणि परावर्तनामुळे होणारी चूक त्या दुरुस्त्यांनी सुधारत नाही. त्यामुळे गगनचा लाभ पठारावर होईल, दरीत त्याची आशा धरू नये.

ढगांविषयी इतकेच सांगतो की जीपीएसच्या मुख्य संदेशाची वारंवारता १५७५.४२ मेगाहर्ट्झ आहे आणि धुके, ढग किंवा पाऊस यांनी त्याचे नाव घेण्याजोगे नुकसान होत नाही. पाणी जेव्हा पानांवर दाट साचलेले असते तेव्हा मात्र फरक पडतो. भीमाशंकरसारख्या गच्च रानात पावसाळ्यात संदेश कमजोर होतो तो आभाळामुळे नव्हे, ओल्या पानांच्या छतामुळे. आपले शरीरही बहुतांशी पाणीच असल्याने यंत्र पँटच्या खिशात किंवा सॅकच्या तळाशी ठेवले की अर्धे आकाश आपणच झाकतो. ते सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर, शक्य तितके उंच अडकवावे आणि पॉवर बँकपासून दूर ठेवावे. धरण्याची पद्धत अँटेनाप्रमाणे बदलते: वर बोटभर जाड खुंटी आलेली असेल तर आत गुंडाळीची अँटेना असते आणि यंत्र उभे धरावे, तशी खुंटी नसेल तर बहुधा चपटी अँटेना असते आणि पडदा आकाशाकडे करून यंत्र थाळीसारखे आडवे ठेवावे.

काही तक्रारी रिसेप्शनच्या वाटतात पण नसतात. उभे राहिल्यावर दिशेचा बाण भिरभिरत असेल तर तो होकायंत्राचा प्रश्न आहे. सेल बदलल्यावर होकायंत्र पुन्हा जुळवून घ्यावे. ट्रॅक ठीक पण दुसऱ्याने दिलेला पॉइंट, म्हणजे अक्षांश-रेखांश भरून साठवलेले ठिकाण, सहाशे मीटर बाजूला पडत असेल, तर आकड्यांची मांडणी तपासावी: १९ अंश २३.५० मिनिटे हे १९ अंश २३ मिनिटे ५० सेकंद असे भरले की नेमका तेवढा फरक पडतो.

यंत्र खरोखर बिघडले आहे का, हे सॅटेलाइट पेजवर प्रत्येक उपग्रहाच्या संदेशाचा जोर दाखवणाऱ्या पट्ट्यांवरून ठरवता येते. भिंती आणि झाडे दूर असलेल्या मैदानात काही पट्ट्या उंच आणि काही गायब असतील, तर यंत्र ठीक आहे, त्या बाजूला आडोसा आहे. सगळ्याच पट्ट्या खुज्या राहत असतील, डोक्यावरच्या उपग्रहाचीही पट्टी वर चढत नसेल आणि काही अंतरावर ठेवलेले दुसरे यंत्र त्याच वेळी उत्तम चालत असेल, तर अँटेना सैल झाली आहे किंवा आत पाणी गेले आहे असे समजावे. मास्टर रीसेट, म्हणजे यंत्र मूळ स्थितीत आणणे, सर्वांत शेवटी करावा आणि त्याआधी साठवलेले पॉइंट संगणकावर उतरवून घ्यावेत, कारण ते पुसले जातात.

सांदण पुन्हा करणार असाल तर दरीच्या तोंडाशी, आत शिरण्यापूर्वी, पाच-दहा मिनिटे थांबून सरासरी काढलेला पॉइंट घ्यावा, आणि कडे रुंदावून आकाश मोकळे होईल तिथे तसाच दुसरा घ्यावा. मधला ट्रॅक पुसून टाकून हे दोन पॉइंट सॅटेलाइट फोटोवर दिसणाऱ्या घळीच्या रेषेने जोडावेत. त्या टप्प्यापुरती ती रेषा आजच्या कोणत्याही हातातल्या यंत्राच्या ट्रॅकपेक्षा जास्त भरवशाची असते.