पुण्यातला फ्लॅट विकायचाय, एजंट दोन टक्के, किल्ली आणि मुखत्यारपत्र मागतोय, देऊ का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही बंगलोरला, कोथरूडचा टू बीएचके तुमच्या आणि आईच्या नावावर, आई आता तुमच्याकडेच, फ्लॅट वर्षभर कुलूप लावून पडलाय, बहीण चिंचवडला असते. एजंट म्हणतोय दोन टक्के घेईन, फक्त मलाच द्या, किल्ली माझ्याकडे ठेवा आणि मुखत्यारपत्र करून दिलंत तर तुम्हाला यायचीही गरज नाही, टोकन वगैरे सगळं मीच बघतो.

एजंटला मुखत्यारपत्र, म्हणजे तुमच्या वतीने सह्या करायचा अधिकार, अजिबात देऊ नका. बाकीच्या गोष्टींवर घासाघीस करता येईल.

मी २०२३ मध्ये आईचा फ्लॅट विकला, तोही कोथरूडलाच, १९९६ ची बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आधी पाच एजंट झाले, मग एकच ठेवला, त्यामुळे दोन्ही प्रकार भोगून झालेत.

आधी माझा गाढवपणा सांगतो. आमची जाहिरात ९५ लाखांची होती. एजंट घरी आले, चहा झाला, आईने लाडू ठेवले, आणि निघताना चपला घालता घालता ते एकदम घरच्यासारखं म्हणाले, दादा जाहिरातीचं सोडा, मनातला आकडा सांगा, म्हणजे मला पार्टीशी बोलायला बरं. आणि मी सांगितला! ८८. पुढच्या रविवारी पार्टी आली, नवरा-बायको आणि नवऱ्याचे वडील. त्याआधी एजंटचा आईला फोन, काकू पार्टी येतेय, फोडणी जरा उशिरा द्या. आल्या आल्या एजंटनी भर दुपारी सगळ्या खोल्यांचे दिवे लावले. घर बघून झालं, बसलो, नवरा म्हणाला ८५. मी म्हटलं ९५ म्हणजे ९४ करू. तर त्याची बायको अगदी सरळपणे एजंटकडे वळून म्हणाली, अहो पण तुम्ही तर म्हणालात अठ्ठ्याऐंशीला होईल. एजंट पंख्याकडे बघायला लागले. आई उठून पोहे आणायला आत गेली. तो सौदा त्या दिवशी अर्थातच झाला नाही.

तेव्हा मला भयंकर राग आला होता, पण नंतर कागद घेऊन हिशोब मांडला तर त्यात रागवण्यासारखं फारसं काही निघालं नाही. ९५ चे दोन टक्के १ लाख ९० हजार, ८८ चे १ लाख ७६ हजार. म्हणजे माझे सात लाख गेले तर त्यांचे जातात १४ हजार, आणि ते समोरच्या पार्टीकडूनही घेतात म्हणून फार तर २८. आता २८ हजारांसाठी कुठला माणूस चार महिने थांबेल, जर आज ८८ ला उरकून पुढचा फ्लॅट धरता येत असेल? त्याची पोटापाण्याची गरज सौदा होण्यात आहे, आपला आकडा येण्यात नाही. हे एकदा डोक्यात बसलं की एजंटकडून काय करून घ्यायचं आणि काय त्याच्या कानावरच घालायचं नाही हे आपोआप कळायला लागतं. मनातला आकडा आईलासुद्धा सांगू नका, आया चहाच्या वेळी बोलतात.

मग किंमत ठरवायची कशी, तर एजंटच्या तोंडून नाही. महाराष्ट्राच्या नोंदणी विभागाची आयजीआर म्हणून साइट आहे, त्यावर ई-सर्च मध्ये फुकट शोध घेता येतो. वर्ष, जिल्हा, गाव म्हणजे कोथरूड, आणि मिळकत नंबरच्या जागी सर्व्हे नंबर टाकायचा, साइट दोनदा लटकते, कॅप्चा चुकतो, पण चिकाटी ठेवली तर आपल्याच सोसायटीतल्या फ्लॅटचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांचे सरकारी गोषवारे, उघडतात. त्यात 'मोबदला' आणि 'बाजारभाव' असे दोन वेगळे आकडे असतात. मोबदला म्हणजे कागदावर झालेला व्यवहार, आणि बाजारभाव म्हणजे सरकारी रेडी रेकनरचा हिशोब, नाव काहीही असलं तरी बाजाराशी त्याचा संबंध बेताचाच. आमच्या मागच्या विंगमधला तेवढाच फ्लॅट आदल्या वर्षी ८९ लाखांना नोंदला गेलेला सापडला. काही व्यवहारांत थोडे पैसे कागदाबाहेर फिरलेले असतात, म्हणून हा आकडा तळ समजायचा, त्याच्या खाली का जायचं हे एजंटने मला पटवावं असा पवित्रा मी घेतला. 'सध्या मार्केट डाऊन आहे' याला मग उत्तर मिळतं. मार्केट कायम डाऊनच असतं, विकणाऱ्याशी बोलताना. घेणाऱ्याशी बोलताना तेच मार्केट पुढच्या महिन्यात वर जाणार असतं.

आता 'फक्त मलाच द्या'. यावर लोक घाबरतात, मला उलट ते बरं वाटतं, अटी घालून. पाच एजंट असताना आमचाच फ्लॅट वेगवेगळ्या साइटवर ९७, ९५, ९२ आणि ८९.९ अशा चार भावांत झळकत होता, एका जाहिरातीत तर फोटोतलं किचन दुसऱ्याच कुणाचं होतं, आमच्याकडे चिमणीच नाही. साहजिकच फोन करणारा प्रत्येक माणूस ८९.९ पासून खाली बोलायला लागायचा, आणि ती जाहिरात कुणी टाकली हे पाचातला एकही कबूल करेना. म्हणून एकालाच द्या, पण ६० दिवसांसाठी, साध्या कागदावर का होईना लेखी, जाहिरातीतला आकडा तुम्ही ठरवलेलाच राहील, आणि सोसायटीतला किंवा नात्यातला कुणी तुमच्या ओळखीने आला तर दलाली नाही असं त्यात स्पष्ट लिहा. ६० दिवसांनी काम आवडलं तर वाढवा. जो एजंट तारीख लिहायला तयार नाही त्याला तुमचा फ्लॅट फक्त अडवून ठेवायचाय.

आणि 'तुम्हाला नेट किती हवेत ते सांगा, वरचं माझं' असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबवा. असा माणूस तुमची आणि पार्टीची गाठच पडू देत नाही, तुम्ही आलात की पार्टी नुकतीच गेलेली असते, आणि तो वरचा पैसा बहुतेक रोखीत मागितला जातो.

रोखीवरून आठवलं. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड ती रोख घेणाऱ्याला लागू शकतो. घेणारे म्हणजे तुम्ही, एजंट नाही. त्यामुळे 'पाच इकडे, बाकी चेकने' हे वाक्य एजंटला सुचतं सहज, त्याचं काय जातंय.

दोन टक्क्यांचं म्हणाल तर तो काही दगडावरचा आकडा नाही. मी दीडवर आणला, ओळखीत एक टक्क्यानेही झालेत. 'प्लस जीएसटी' म्हणाले तर नंबर मागा आणि बिल मागा, आमच्यांनी मागितला १८ टक्के, नंबर काही निघेना, मग विषय आपोआप बंद पडला. नोंदणी नसेल तर तो कर गोळाच करता येत नाही. आणि दलाली कधी द्यायची हेही आधीच लिहा. १८७२ च्या करार कायद्यात मुळात असंच आहे की वेगळं काही ठरलेलं नसेल तर काम पूर्ण झाल्यावरच एजंटचा मोबदला देय होतो. मी अर्धी अॅग्रीमेंट रजिस्टर झाल्यावर आणि अर्धी शेवटचा चेक खात्यात वटल्यावर दिली. टोकनच्या दिवशी सगळी मागतात, हसून नाही म्हणायचं.

कार्डावर महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचा, नोंदणी नंबर असेल तर साइटवर जाऊन तपासा, २०२४ पासून त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झालीय. मात्र तो कायदा नोंदणी झालेल्या प्रकल्पांतल्या विक्रीसाठी आहे, तुमच्या-माझ्यासारख्या जुन्या सोसायटीतल्या रीसेलला तो फारसा कामाला येत नाही. निदान माणूस एका परीक्षेला बसलाय एवढं कळतं.

मुखत्यारपत्राकडे परत येतो कारण तुमची खरी अडचण तीच आहे. एजंट घराचा मालक होऊन बसेल असं नाही, नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी जात नाही हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच सांगून ठेवलंय. भीती वेगळी आहे. तो तुमच्या नावाने ८६ लाखांच्या कागदावर सही करून टोकन घेऊन बसेल आणि मग तुम्ही ते मोडायला कोर्टाच्या पायऱ्या चढाल. शिवाय गंमत बघा, घर विकायचं मुखत्यारपत्र आईवडील, भाऊबहीण, नवराबायको, मुलं अशा जवळच्या नात्यात मोबदल्याशिवाय दिलं तर महाराष्ट्रात ५०० रुपयांच्या मुद्रांकावर होतं, आणि परक्याला दिलं तर खरेदीखताइतकी स्टॅम्प ड्युटी लागते. हे तुमच्या एजंटने सांगितलं का? बहीण चिंचवडला आहे ना, तिला द्या, तेही फक्त सही आणि नोंदणीपुरतं, किमान किंमत आत लिहून, मसुदा वकिलाकडून. आईचीही सही लागेल, घर दोघांच्या नावावर आहे.

एवढं वाचून एजंट म्हणजे चोर असं वाटेल, तर तसंही नाही. ती ८८ वाली पार्टी दीड महिन्याने परत आली, ९० पर्यंत चढली आणि अडली. मी ९१ वर बसलो होतो. नवऱ्याचं म्हणणं, वर सात टक्के स्टॅम्प ड्युटी आहे, कुठून आणू. तेव्हा एजंटनेच सुचवलं की घर एकट्या वहिनींच्या नावावर घ्या, महिला खरेदीदाराला एक टक्का सूट आहे, ९१ वर ९१ हजार वाचतात. त्याचे वडील जरा गप्प झाले, पण वहिनींनी लगेच हो म्हटलं, आणि माझा वरचा एक लाख जवळजवळ तिथेच सुटला. मला हे सात जन्मात सुचलं नसतं. पुढे त्यांच्या बँकेच्या वकिलाने १९९६ च्या अॅग्रीमेंटची नोंदणी पावती मागितली, ती आमच्याकडे नव्हतीच, बाबांनी कुठे ठेवली देव जाणे, तर एजंटने दुय्यम निबंधक कार्यालयात खेपा घालून दस्ताची प्रमाणित नक्कल काढून आणली. रजिस्ट्रेशनच्या दिवशी आईचा अंगठा मशीन घेईना, हे खिशातून ओला रुमाल काढून तिची बोटं पुसत बसले, पाचव्यांदा उमटला. दीड टक्का या कामाचा दिला असं मी मानतो.

पण 'देऊन टाका' हा त्यांचा सगळ्यावरचा उपाय असतो हे विसरू नका. आमच्या सोसायटीने ट्रान्सफरला लाखभर रुपये 'डेव्हलपमेंट फंड' मागितला, एजंट म्हणाले देऊन टाका, कशाला वाद. महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम २५ हजारांच्या वर घेता येत नाही, डोनेशन वगैरे नावानेही नाही. त्याचं सरकारी परिपत्रक २००१ पासून आहे, ते छापून सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवलं, २५ हजारांत झालं, निम्मे पार्टीने निम्मे आम्ही. तसंच व्यवहार ५० लाख किंवा वर असला की घेणारा एक टक्का टीडीएस कापून भरतो, तुमच्या पॅनवर खरंच जमा झालाय का ते तुम्ही बघायचं, एजंट बघत नाही.

टोकनचं राहिलं. ते तुमच्या किंवा आईच्या खात्यातच आलं पाहिजे, एजंटच्या जीपेवर नाही, 'मी लगेच पाठवतो' म्हणाला तरी नाही. विसार पावतीवर, म्हणजे टोकन मिळाल्याच्या कागदावर, किंमत, पुढचा हप्ता कधी, किती दिवसांत पूर्ण करायचं, आणि पार्टीचं लोन नाकारलं गेलं तर टोकनचं काय हे लिहा. आमच्या पावतीवर ४५ दिवस होते, लागले ६८, लोनचं वाक्य लिहिलं होतं म्हणून मधल्या काळात भांडण झालं नाही.

किल्ली बहिणीकडेच राहू द्या. दाखवायचं असेल तेव्हा एजंटने तिला आदल्या दिवशी फोन करायचा, तिने रविवारी दोन तास येऊन बसायचं, तेवढ्यात चार पार्ट्या होतात. बंद घराची किल्ली एजंटच्या टपरीतल्या खिळ्यावर टांगलेली असते आणि ती तिथून कोण कोण नेतं हे मी आमच्या शेजाऱ्यांच्या घरी बघितलंय, त्यांच्या हॉलमध्ये एकदा दुपारी पत्त्यांचा डाव सापडला होता.