बाळाला हात लावण्याआधी

अगं, तू बाळंतपणं करतेस, तर नवजात बाळाची तपासणीही नक्की जमेल. तपासणीचा अख्खा तक्ता पाठ करत बसू नकोस.

बाळ शांत असेल तेव्हा आधी नुसतं बघ. रंग, हालचाल, श्वास. श्वास पूर्ण 1 मिनिट मोज. नवजाताचा श्वास लयीत नसतो, 15 सेकंद मोजून चारने गुणलंस की चुकलीस. 60 च्या वर असेल तर पुन्हा मोज, तरी तेवढाच आला तर डॉक्टरांना बोलाव. श्वास मोजून झाला की लगेच छातीचे ठोके ऐक, कारण रडायला लागल्यावर ऐकू येत नाहीत. खुब्याचे सांधे सगळ्यात शेवटी, आणि तेही शिकवणाऱ्या सिस्टर शेजारी असतानाच.

नवीन मुलींच्या नेहमीच्या चुका:

- सोलापूरचा उन्हाळा म्हणून पंखा फुल्ल आणि बाळ पूर्ण उघडं. बाळ गार पडतं गं! पंखा बंद कर, हात चोळून गरम कर, लागेल तेवढंच अंग उघड.
- तोंडातली टाळू नुसती बोटाने चाचपणं. सुरुवातीला मीही तेच केलं. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "सिस्टर, दूध नाकातून येतंय." टाळूला मागे फट होती, ती बोटाला लागलीच नव्हती. जीभ दाबून टॉर्चने पार मागपर्यंत बघ.
- कावीळ ट्यूबलाइटखाली बघणं. खिडकीपाशी ने. पहिल्या 24 तासांत पिवळेपणा दिसला तर थांबू नकोस, लगेच कळव.

आणि तपासताना आईला जवळ घे, काय बघतेस ते सांगत जा.