सिद्धू की सिद्धेश्वर? बाळाच्या दोन नावांविषयी

सोलापूरच्या बाळीवेशीतल्या एका आजींनी विचारलं आहे. नातवाचं बारसं जवळ आलंय. मुलगा म्हणतो, आपण आयुष्यभर 'सिद्धू' अशीच हाक मारणार, मग दाखल्यावरही 'सिद्धू'च लिहू. सुनेचा मुद्दा वेगळा आहे: ग्रामदैवत सिद्धेश्वराचं नाव घेऊन पोराला रागावायचं कसं? आजींना मात्र 'सिद्धेश्वर'च हवं आहे. त्यांच्या सासऱ्यांचं नाव सिद्रामप्पा होतं. प्रश्न तीन आहेत. 'सिद्धू' हा 'सिद्धेश्वर'चा अपभ्रंश समजायचा का? पाळण्यातलं नाव, जन्मनाव आणि टोपणनाव यांत फरक काय? आणि कागदावर काय लिहावं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. कागदावर सिद्धेश्वर लिहा आणि हाक सिद्धू मारा. 'सिद्धू'त काही उणं आहे म्हणून मी हे सांगत नाही. दोन्ही नावांची कामं वेगळी आहेत, आणि मुलाला दोन्ही लागणार आहेत.

आता अपभ्रंशाकडे येऊ. 'सिद्धराम'चं 'सिद्राम' झालं, 'कृष्ण'चं 'किसन' झालं, 'त्र्यंबक'चं 'त्रिंबक' झालं, हे अपभ्रंश. बोलता बोलता जिभेनं सोपं केलं, कुणी ठरवून केलं नाही. 'सिद्धू' तसं नाही. ते कुणीतरी मायेनं, जाणूनबुजून घडवलेलं रूप आहे आणि त्याच्या घडणीला नियम आहेत. सचिनचा सच्या होतो, सुनीलचा सुन्या, विजयचा विज्या, नारायणचा नाऱ्या. नावाचा पहिला तुकडा दुसऱ्या व्यंजनापर्यंत घ्यायचा आणि त्याला 'या' जोडायचा. प्रकाशचा पक्या, प्रशांतचा पश्या, प्रमोदचा पम्या होताना सुरुवातीच्या जोडाक्षरातला 'र' गळतो. हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत, तरी तिसरीतलं पोर वर्गात नवा मुलगा आला की मधल्या सुट्टीपर्यंत त्याचं रूप बिनचूक तयार करतं.

शेवटचा स्वर काय आहे यावर नातं कळतं. 'या' हा बरोबरीच्यांचा. त्यात सलगी असते, कधी राग. 'ऊ' हा मोठ्यांनी लहानाला लावायचा, आणि तो मुलगा-मुलगी बघत नाही: चंदू, सदू, मनू, शालू. मुलींना 'ई' लागते, आणि हाक मारताना तिची 'ए' होते: मंगी, पण 'अगं मंगे'. 'बा' लावला की मायेत आदर मिसळतो: म्हादबा, नारबा, ज्ञानबा, विठोबा. म्हणून तुमच्या नातवाला तुम्ही 'सिद्धू' म्हणाल आणि त्याचे मित्र 'सिद्ध्या' म्हणतील. दोघांनी अदलाबदल केली तर कानाला लगेच खटकेल.

ही सोय मराठीनं नव्यानं काढलेली नाही. पाणिनीनं 'अनुकम्पायाम्' या सूत्राच्या प्रकरणात माणसांच्या नावांची मायेची रूपं कशी करायची ते सांगितलंय. नावात दोनांहून जास्त स्वर असतील तर दुसऱ्या स्वरानंतरचा भाग काढून प्रत्यय लावायचा, म्हणजे देवदत्ताचा देविक, देविय किंवा देविल होतो. प्रत्यय बदलले, पण रीत ओळखीची वाटते ना? ज्या व्याकरणकारानं एकेक मात्रा वाचवली, त्याला लाडाच्या नावासाठी सूत्रं खर्च करावीशी वाटली. यापुढे कुणी अशा नावांना 'मोडकी नावं' म्हटलं तर हे जरूर सांगा.

आणि आपल्या संतांचं काय? तुकारामांनी 'तुका म्हणे' लिहिलं, नामदेवांनी 'नामा म्हणे', जनाबाईंनी 'म्हणे नामयाची दासी' आणि 'जनी म्हणे'. सोलापूर जिल्ह्यातल्याच मंगळवेढ्याचे चोखामेळा 'चोखा म्हणे' असं लिहितात. विठ्ठलापुढे उभं राहताना त्यांनी घरातलं नाव घेतलं, आणि विठ्ठलालाही 'विठू' केलं. उलट बाराव्या शतकात सोलापुरातच होऊन गेलेले संत सिद्धराम आपल्या कन्नड वचनांच्या शेवटी स्वतःचं नाव घालत नाहीत. तिथे 'कपिलसिद्धमल्लिकार्जुन' असं आराध्याचं अख्खं नाव येतं. एकाच मातीतल्या भक्तीच्या या दोन रिती मला फार मोलाच्या वाटतात. सूनबाईंना एवढंच सांगा की देवाचं नाव लाडानं आखूड करणं आपल्याकडे अनादर मानत नाहीत.

त्यांच्या संकोचावर मराठीकडे आणखी एक उपाय आहे. देवाच्या नावाचं आपण सामान्यरूप करतो, माणसाच्या नावाचं सहसा करत नाही. 'गणेशाला नमस्कार केला', पण 'गणेशला दुकानात पाठवलं'. 'सिद्धेश्वराच्या यात्रेला गेलो', पण 'सिद्धेश्वरच्या बारशाला गेलो'. एका 'आ'कारानं देव आणि पोरगं वेगळे होतात. सिद्धेश्वराच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्याच्या गर्दीत, कुणी 'सिद्धेश्वरला शोधा' म्हणालं तर सोलापूरकर पोरालाच शोधायला धावेल.

आता नावांची नावं. जन्मनाव म्हणजे राशीचं नाव. नक्षत्राच्या चरणावरून आद्याक्षर निघतं आणि त्यावरून ते ठरतं. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार, असे १०८ चरण. यालाच 'नावरस' नाव म्हणतात. ते पत्रिकेत राहतं, लग्न जुळवताना बाहेर येतं. पाळण्यातलं नाव म्हणजे बारशाला 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' झाल्यावर आत्या बाळाच्या कानात सांगते ते. आज बहुतेक घरांत तेच दाखल्यावर जातं, म्हणून कागदावरच्या नावाला वेगळा शब्द लागत नाही. पण चरित्रात 'त्यांचं पाळण्यातलं नाव अमुक' असं वाचलं, की तो माणूस पुढे दुसऱ्याच नावानं प्रसिद्ध झाला असं समजावं.

'टोपणनाव' या शब्दाबद्दल माझी थोडी तक्रार आहे. शाळेत आपण कवींची टोपणनावं पाठ करतो, म्हणजे लेखनासाठी घेतलेली नावं. घरातल्या 'सिद्धू'ला आणि 'कुसुमाग्रज'ला एकच शब्द वापरला की गोंधळ होतो. घरातल्यासाठी 'लाडाचं नाव' किंवा 'हाकेचं नाव' म्हणावं, ते नेमकं आहे. आणि 'उपनाव' तर अजिबात म्हणू नये. मराठीत उपनाव म्हणजे आडनाव.

सोलापुरात हा विषय पुण्या-नाशिकपेक्षा जास्त गुंतागुंतीचा होतो, कारण इथे हाक मारायच्या रिती एकाहून अधिक भाषांतून आल्या आहेत. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांची नावं बघा: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. 'मल्लप्पा'तला 'अप्पा' म्हणजे कन्नडमधला बाप, 'अण्णा' थोरला भाऊ, 'अक्का' थोरली बहीण. मराठीनं हे तिन्ही शब्द आपलेसे केले, पण मराठीत ते बहुधा नावाबाहेर उभे राहतात: 'रामअण्णा', 'शांताअक्का'. कन्नड रीतीत ते नावातच विरघळतात. तेलुगू पद्मशाली घरांतला 'य्या' तसाच: नरसय्या, राजय्या, लिंगय्या. म्हणजे इथे पाळण्यातल्या तान्ह्या बाळाचं अधिकृत नावच आदराची हाक असू शकतं. तुमच्या सासऱ्यांचं 'सिद्रामप्पा' हे त्यातलंच. ते टोपणनाव नाही, पुरं नाव आहे.

हाकेचं वेगळं नाव का लागलं, याचं कारणही घरातच सापडतं. नातवाला आजोबांचं किंवा पणजोबांचं नाव ठेवायची रीत आपल्याकडे आहे, आणि सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही हीही रीत होती. मग आईनं स्वतःच्या लेकराला हाक मारायची कशी? अशा घरांत मुलगा 'बाळ' झाला, 'अण्णा' झाला, 'बाबू' झाला. हाकेच्या नावामुळे घराण्याचं नावही राहिलं आणि आईचं तोंडही मोकळं राहिलं. आज ती बंधनं सैल झाली आहेत, फार चांगलं झालं. पण 'सिद्धू' म्हणताना तुमच्याही तोंडी, आजी, सासऱ्यांचं अर्धं नाव पहिल्यांदा मोकळेपणानं येईल, हे मला फार आवडलं.

मग मुलगा म्हणतो तसं दाखल्यावरही 'सिद्धू' का नको? टिळकांचं उदाहरण घेऊ. त्यांचं पाळण्यातलं नाव केशव, घरातली हाक 'बाळ', आणि तीच पुढे कायमची झाली: बाळ गंगाधर टिळक. म्हणजे लाडाचं नाव अधिकृत होऊ शकतं, त्यानं माणूस लहान होत नाही. पण पुढचं बघा. लोकांना आदरानं संबोधायची वेळ आली तेव्हा ते 'बाळराव' म्हणाले नाहीत, 'बळवंतराव' म्हणाले. लांब नाव कागदावर नव्हतं, तर भाषेनं ते तयार करून घेतलं.

मला सांगायचंय ते हेच. मराठीत एका माणसाची नावं शिडीसारखी असतात: सिद्ध्या, सिद्धू, सिद्धेश्वर, सिद्धेश्वरराव. खाली उतरणं सोपं, ते पोरं मधल्या सुट्टीत करतात. पण सुरुवातच 'सिद्धू'पासून केली तर वर चढायला पायरी नाही. मामा, काका, अण्णा, तात्या ही नाती लाडाच्या नावाला आनंदानं चिकटतात. बाळूमामांना तर लोक संत म्हणून पुजतात. 'राव' मात्र बहुतेक वेळा पुरं नाव मागतो. उद्या हा मुलगा कोर्टात उभा राहील, कॉलेजात शिकवेल, तेव्हा अनोळखी माणसाला त्याच्याशी अंतर राखून बोलायला एक नाव हवं. आणि घरातल्यांना फक्त आपलं असं दुसरं हवं. दाखल्यावरच 'सिद्धू' लिहिलंत तर बँकेतला अनोळखी कारकूनही त्याला 'सिद्धू' म्हणेल. मग घराकडे वेगळं काय उरेल?

पुरं नाव म्हणजे लांब नाव, असं मात्र समजू नका. पारस्कर गृह्यसूत्रात, म्हणजे घरगुती संस्कारांच्या जुन्या ग्रंथात, मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरांचं ठेवावं असं सांगितलंय, आणि मुलीचं विषम अक्षरांचं, आकारान्त. 'राम' दोन अक्षरांचं आहे आणि पूर्ण आहे, कारण त्याखाली रामू, राम्या, रामबा अशी रूपं निघतात आणि वर रामराव होतो. सूनबाईंना 'सिद्धेश्वर' फारच जड वाटत असेल तर 'सिद्धराम' ठेवा. 'सिद्धू' त्यातूनही निघतो आणि सासऱ्यांचं नावही त्यात जास्त दिसतं. खरं सांगायचं तर मला हाच पर्याय अधिक पसंत आहे.

सगळीच हाकेची नावं मायेची नसतात, हेही नोंदवायला हवं. आधीची मुलं दगावली की पुढच्याला दगडू, धोंडू, केरू अशी नावं ठेवत, मृत्यूनं त्याच्याकडे बघू नये म्हणून. त्यात भीती होती, पण प्रेमही होतं. 'नकुशी'त मात्र प्रेम नव्हतं. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून जास्त मुलींची नावं समारंभ करून बदलली, ते फार बरं झालं. कागदावर चढलेलं नाव आयुष्यभर सोबत येतं, म्हणूनच एवढा विचार करायचा.

कायद्याच्या बाजूनं घाई नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते, पण तेव्हा नाव ठरलेलं नसलं तरी चालतं. नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं जन्मदाखल्याचं वजन वाढलंय. शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत तोच पुरावा धरला जातो. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचं नाव मुलाचं, आईचं, वडिलांचं आणि मग आडनाव अशा क्रमानं लिहायचं आहे. नंतर बदलायचं तर राजपत्रात प्रसिद्ध करावं लागतं आणि मग एकेक कागद दुरुस्त करत फिरावं लागतं.

म्हणून अर्ज भरताना एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा. सोलापुरात पाट्यांवर आणि छापील कागदांवर 'सिध्देश्वर' आणि 'सिध्दराम' असं सर्रास दिसतं. ते चूक आहे. मूळ शब्द 'सिद्ध', त्यात आधी अर्धा द आणि मग ध. टंकताना द, हलन्त, ध या क्रमानं कळा दाबल्या की 'द्ध' बरोबर उमटतो. दाखल्याची छापील प्रत हातात घेण्याआधी पडद्यावरच ते जोडाक्षर तपासून घ्या, आणि नावाची रोमन अक्षरंही आई-वडिलांच्या पसंतीची एकदाच ठरवून सगळीकडे तीच लिहा.