उशिरा झोपणारा मुलगा आळशी असतो का?

प्रश्न : माझ्या २३ वर्षांच्या मुलाला रात्री अडीचशिवाय झोप येत नाही. सुट्टीत मात्र साडेदहापर्यंत शांत, सलग झोपतो. घरात रोज आळशी म्हणून बोलणी खातो. हा आळसच ना?

उत्तर : नाही. आधी ही बोलणी थांबवा. झोप उशिरा येते, पण आली की पुरेशी लागते, याचा अर्थ त्याचं शरीराचं घड्याळ उशिराचं आहे. मेंदूतल्या सुमारे २० हजार चेतापेशी हे घड्याळ चालवतात. त्यांच्यात काही प्रथिनं साठत जातात, पुरेशी साठली की ज्या जनुकामुळे ती तयार होतात त्यालाच थांबवतात; ती विरली की फेरी पुन्हा सुरू. अशी एक फेरी साधारण एका दिवसाची. २०१७ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी 'क्राय-१' या जनुकातला एक बदल दाखवला. त्यामुळे थांबवणारं प्रथिन अधिक जोरकस होतं, फेरी साधारण अर्ध्या तासाने लांबते आणि झोप दोन-अडीच तास उशिरा येते.

तुमच्या मुलात हाच बदल असेल असं नाही. विशीच्या आसपास बहुतेकांची झोप उशिराकडे सरकते. दोन आठवडे झोपेची नोंद ठेवून झोपेच्या तज्ज्ञांना दाखवा. रात्री दिवे मंद ठेवा, उठल्या उठल्या त्याला उजेडात पाठवा आणि उठायची वेळ दर दोन-तीन दिवसांनी थोडी थोडी अलीकडे आणा. एकदम पहाटे पाचला उठवू नका. त्याच्या शरीराची रात्र चालू असताना डोळ्यांवर पडलेला उजेड झोप आणखी उशिरा ढकलू शकतो.

प्रश्न : सासरे संध्याकाळी साडेसातलाच पेंगतात, पहाटे साडेतीनला जागे. त्यांच्या वडिलांचंही तसंच होतं म्हणतात.

उत्तर : उतारवयात झोप लवकर येऊ लागतेच. तरुणपणापासून असंच असेल तर ते आनुवंशिक असू शकतं. अमेरिकेतल्या युटामधल्या अशा एका कुटुंबात २००१ साली याच घड्याळाच्या 'पर-२' जनुकातला एकच बदललेला दुवा सापडला. आई किंवा वडिलांकडून तो प्रत्येक अपत्यात येण्याची शक्यता निम्मी असते. सासऱ्यांना त्रास होत नसेल तर उपचार नकोत; होत असेल तर संध्याकाळी भरपूर उजेडात बसवा. मन उदास असेल, भूक कमी झाली असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवाच. नैराश्यातही पहाटे जाग येते.

प्रश्न : जनुकांची चाचणी करून घ्यावी का?

उत्तर : सहसा नको. २०१९ साली सुमारे सात लाख लोकांच्या अभ्यासात झोपेच्या वेळेशी जोडलेल्या, जनुकांच्या आराखड्यातल्या ३५१ जागा सापडल्या. तरी लवकर झोपेकडे झुकवणारे बदल सर्वाधिक असलेले ५ टक्के आणि सर्वांत कमी असलेले ५ टक्के लोक यांच्या झोपेच्या वेळेत फरक निघाला जेमतेम २५ मिनिटांचा. चाचणीच्या पैशांपेक्षा झोपेची नोंदवही डॉक्टरांच्या जास्त कामी येते.