इस्त्रीची वही आणि नववीची फी

पुण्यातल्या एका आठवीतल्या मुलीचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते:

"ताई, मी पहिलीपासून आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागेवर, एका मोठ्या इंग्रजी शाळेत आहे. वर्गातली मुलं सुट्टीत दुबई, सिंगापूरला जातात. पुस्तकं वाटताना मॅडम म्हणतात, 'आरटीईवाले मागे थांबा.' बाबांची सोसायटीच्या गेटपाशी इस्त्रीची टपरी आहे. मी मैत्रिणींना सांगितलंय की आमची लॉन्ड्री आहे. परवा वर्गातल्या एकीची आई कपडे घेऊन आली, वर आमच्याच शाळेचा युनिफॉर्म होता. मी टपरीमागे लपले. बाबांनी पाहिलं, पण काही बोलले नाहीत. मार्क चांगले आहेत, सीए व्हायचंय. पण नववीत ही शाळा सोडू का?"

आधी फीचं बोलते, कारण त्याला वेळ थोडा उरलाय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातून मिळालेलं मोफत शिक्षण आठवीपर्यंतच असतं. नववीपासून शाळा तुझ्याकडून पूर्ण फी मागू शकते. आईबाबांना हे माहीत आहे का, ते आज रात्रीच विचार. दरवर्षी असे पालक मला भेटतात, ज्यांना हे आठवीचा निकाल लागल्यावर कळतं. मग बचत गटातून, नातेवाइकांकडून उसनवारी सुरू होते. 'एनएमएमएस'ची, म्हणजे आठवीतल्या परीक्षेतून मिळणारी केंद्र सरकारची, शिष्यवृत्ती मिळेल असंही तुला कोणी सांगेल. नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात, पण ती सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. खासगी विनाअनुदानित शाळेतून त्या परीक्षेला बसता येत नाही, तेव्हा त्यामागे धावू नकोस.

म्हणून आत्ताच मुख्याध्यापकांना फी सवलतीचा लेखी अर्ज द्या. सोबत उत्पन्नाचा दाखला आणि सहावी, सातवीची गुणपत्रकं जोडा. उत्तरही लेखीच मागा, आणि ते नववी-दहावी दोन्ही वर्षांचं असू दे. सवलत चांगली मिळाली तर तिथेच राहा. नाही मिळाली तर नववीच्या सुरुवातीलाच अनुदानित शाळेतल्या सेमी इंग्लिशच्या तुकडीत जा. गणित, विज्ञान इंग्रजीतच राहील आणि फी आवाक्यात येईल. दहावीत शाळा बदलणं फार अवघड जातं, तोवर थांबू नका. दोन वर्षांच्या फीसाठी बाबांनी कर्ज काढावं, हे मला अजिबात पटणार नाही. पैशामुळे शाळा बदलावी लागली तर त्यात खाली मान घालण्यासारखं काही नाही. फक्त लपावं लागतं म्हणून मात्र शाळा सोडू नकोस.

आता त्या लपण्याबद्दल. 'आरटीईवाले मागे थांबा' हे चूकच आहे. पंचवीस टक्के जागा कायद्याने राखलेल्या आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तो नियम उचलून धरला. त्या जागेवर तू कोणाच्या मेहरबानीने बसलेली नाहीस. या मुलांशी भेदभाव करायचा नाही, हे कायद्यातच लिहिलंय. आईबाबांनी मुख्याध्यापकांना हे सांगावं. तरी थांबलं नाही तर महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रार द्यावी. मी कॉलेजात असताना एक क्लार्क भर वर्गात येऊन ईबीसीवाल्यांची, म्हणजे घरचं उत्पन्न कमी म्हणून फी सवलत असलेल्यांची, नावं वाचायचे आणि आम्हाला उभं करायचे. माझं नाव यादीत खाली होतं. ते येईपर्यंत मी बाकावरचं एकच अक्षर नखाने कोरत राहायचे. त्यामुळे 'मनावर घेऊ नकोस' असं मी तुला सांगणार नाही.

घरची मिळकत किती, हे वर्गात सांगायला तू बांधील नाहीस. पण लॉन्ड्रीची गोष्ट आणखी वाढवू नकोस, ती सांभाळताना तू दमतेस. कोणी विचारलं तर 'बाबांचं इस्त्रीचं दुकान आहे' एवढंच म्हण. सहलीला पैसे नसतील तर 'या वर्षी जमणार नाही' म्हण, आजारपणाची सबब नको. तो युनिफॉर्म पुन्हा येईल तेव्हा गठ्ठा तूच हातात दे. पहिल्यांदा कान तापतील. एखादी मैत्रीण दुरावेलही, आणि त्याचं वाईट वाटेल.

सीए होण्याचा तुझा विचार मला फार आवडला. त्यात डोनेशन नाही, मॅनेजमेंट कोटा नाही. फाउंडेशनची, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेची, नोंदणी दहावीनंतर करता येते, परीक्षा बारावीनंतर. पुढे दोन वर्षांच्या आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे सीएच्या हाताखाली काम शिकताना, स्टायपेंड मिळतो, तो थोडा असतो पण घरी हातभार लागतो. अकरावी कॉमर्सला अनुदानित तुकडी बघ आणि वाचलेले पैसे क्लाससाठी ठेव. या शाळेने तुला जे इंग्रजी दिलंय, ते तिथे रोज लागेल.

बाबांच्या टपरीवर वही असेलच: ४०२, शर्ट ४, पँट २, साडी १, जमा, बाकी. महिनाअखेरीचा हिशोब या महिन्यापासून तू कर. कोणाकडे किती थकलंय, कोळशाला किती गेले, हातात किती उरले, ते वेगवेगळं मांड. नववीच्या फीचा विचार करायलाही तोच आकडा लागणार आहे.

अर्ज तू लिही, सही बाबांची घे. द्यायला जाताना त्यांना बरोबर ने आणि ऑफिसात ते तुझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसतील असं बघ.