हद्दपारीचा निर्णय नेमका कसा होतो?

व्हिसा संपून चार महिने झालेल्या मित्राला पकडलं, तर दुसऱ्याच दिवशी विमानात बसवतील का, असं तुम्ही विचारलंय. सहसा नाही. 'याला इथे राहायचा हक्क आहे का' आणि 'याला परत पाठवता येईल का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. खरी झुंज दुसऱ्यावर होते.

पहिल्याचं उत्तर कागदावरच असतं : मुदत संपली, अटी मोडल्या किंवा शिक्षा झाली. ब्रिटनमध्ये २००७ च्या कायद्यानुसार १२ महिने किंवा जास्त कैद झालेल्या परदेशी माणसाला, काही अपवाद सोडता, हद्दपार करावंच लागतं.

मग धोक्याचा विचार. छळ होण्याची खरी भीती असेल तिथे कुणालाही पाठवायचं नाही, असं संयुक्त राष्ट्रांच्या १९८४ च्या छळविरोधी कराराचं कलम ३ सांगतं आणि त्याला अपवाद नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही १९९६ मध्ये, ब्रिटन ज्याला भारतात पाठवू पाहत होतं त्या चहलच्या खटल्यात, राष्ट्रीय सुरक्षेचं कारण पुढे करूनही ही मनाई मोडता येत नाही असं ठरवलं. युरोपात घरसंसारही तोलला जातो : किती वर्षं राहिला, मुलं कुठे वाढली, गुन्ह्यानंतर कसा वागला.

लोकांच्या लक्षात येत नाही ती गोष्ट म्हणजे, समोरचा देश त्याला घ्यायला तयार हवा. पासपोर्ट नसेल तर तो आपला नागरिक आहे याची खात्री करून त्याच्या दूतावासाने प्रवासाचा दाखला द्यावा लागतो. महायुद्धानंतर जर्मनीतल्या निर्वासित छावणीत जन्मलेल्या एका माणसाला अमेरिका पाठवू पाहत होती. जर्मनी नाही म्हणाली, आईवडिलांचा लिथुआनियाही नाही म्हणाला. शेवटी २००१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पाठवणं नजीकच्या काळात शक्य दिसत नसेल, तर साधारण सहा महिन्यांपलीकडे डांबून ठेवायला सरकारला सबळ कारण दाखवावं लागेल.

तुमच्या मित्राबद्दल. तो युरोपीय संघातल्या देशात असेल, तर तिथे आपणहून निघायला साधारण ७ ते ३० दिवस देतात. ती मुदत पाळली नाही तर पुन्हा प्रवेशाची बंदी लागते, बहुधा पाच वर्षांपर्यंतची. म्हणून तारखा फार जपा. मी एका माणसासोबत वकिलाकडे गेलो होतो, त्याच्या पिशवीत नोटिशीचं पाकीट तसंच चिकटवलेलं होतं. भीतीने त्याने फोडलंच नव्हतं. आत अपिलाची तारीख होती, नऊ दिवसांपूर्वी गेलेली. मला ते पाकीट अजून आठवतं.

मित्राला याच आठवड्यात इमिग्रेशनच्या वकिलाकडे न्या, पासपोर्ट आणि आलेलं प्रत्येक पत्र सोबत घेऊन.